पाच म्हशी आणि एक गंजी

खूप जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथं रखमाजी आणि त्याची बायको सोनाई दुधाचा धंदा करत. दावणीला पाच म्हशी, आणि राबायला फक्त दोघांचे हात.

एका वर्षी पाऊस लवकर सरला. डोंगरावरचं गवत दिवाळीतच वाळलं. सोनाईनं कडब्याची गंजी पेंढी पेंढी मोजली.

"पाचांना हे होळीपर्यंतच पुरेल," ती म्हणाली. "तिघींना मृगापर्यंत जाईल."

त्याच आठवड्यात सावकार कडब्याच्या गाड्या घेऊन आला. "हवा तेवढा उतरवा. पाऊस पडल्यावर दुधातून फेडा. नाही फिटलं, तर म्हशी माझ्या."

शेजारच्या दगडूनं दोन गाड्या रिकाम्या करून घेतल्या. रखमाजीही पुढं झाला, तशी सोनाई आडवी आली.

"नको. दोन म्हशी विकू. आजच, अंगावर मांस आहे तोवर."

"त्यात मोरणी पण? त्या म्हशीला मी बोटानं दूध पाजून वाढवलंय!" रखमाजी म्हणाला.

"म्हणूनच. नदीकाठच्या गावात तिला हिरवा चारा मिळेल. इथं ती तुमच्या डोळ्यांदेखत वाळेल."

रखमाजीनं दोन दावी सोडली. मोरणी आणि आणखी एक म्हैस तो नदीकाठच्या गावात विकून आला.

मृग आला आणि कोरडाच गेला. गंजीचा तळ दिसू लागला. दोघांनी चारा निम्म्यावर आणला, डोंगर चढून पाला आणला. रोज दोघं आभाळाकडे बघत, एकमेकांकडे नाही. एका सकाळी एक म्हैस उठेना. रखमाजीनं आपल्या वाट्याची पेज तिच्यापुढं ठेवली.

"एक गाडी घेऊ या गं," तो कळवळून म्हणाला.

"अजून आठ पेंढ्या आहेत," सोनाई म्हणाली. आणि तिनं त्या पुन्हा मोजल्या.

शेवटच्या दोन पेंढ्या उरल्या, आणि आर्द्रा नक्षत्राचा पाऊस कोसळला.

तिन्ही म्हशी हडकल्या होत्या, पण जगल्या. हिरवा चारा पोटात गेला, तशी कासेत धार आली.

दगडूनं मात्र दोनाच्या पाच गाड्या उधार घेतल्या होत्या. एवढं दुधातून फिटणार कसं? सावकारानं त्याचा गोठा रिकामा केला. दगडूची बायको पोरांसाठी तांब्या घेऊन आली. सोनाईनं तो दुधानं काठोकाठ भरला.

ती गेल्यावर रखमाजी हळूच म्हणाला, "तू आडवी आली नसतीस, तर आज तांब्या आपल्या हातात असता."

तात्पर्य: जो वेळेवर पसारा आवरतो, त्याला कुणापुढं हात पसरावा लागत नाही.