दाराचे झाकण

मोठ्या वणव्यानंतरचे ते सातवे वर्ष. वैशाख निम्मा सरला होता. त्या मुलखात आगीचा बंदोबस्त बेडकांकडे होता, आणि बेडूक उन्हाळाभर तळ्याच्या चिखलात झोपलेले असत.

पाण्याजवळ राहतात म्हणून हे काम त्यांना मिळाले. आग लागे उन्हाळ्यात. तेव्हा ते खाली. पावसाळ्यात ते वर येत, भिजलेल्या झाडांवर नजर टाकत आणि कुठेही धोका नाही असे ओरडून सांगत. नियम मात्र बारमाही होता. अग्नीचा दाखला नसेल तर घर पाडले जाई.

दाखल्याला 'ना हरकत' म्हणत. हो म्हणण्याची त्या कचेरीत रीत नव्हती. मोठ्या बेडकाने 'हरकत नाही' असे तोंडाने म्हणायचे आणि तिसऱ्या कुणी ते ऐकायचे, की घर पक्के.

कोरड्या तळ्याच्या काठी एका दगडावर सरडा बसे. तो कारकून. त्याच्याकडे एक कुंभारीण माशी आली. तिच्या पोटात शेवटचे अंडे होते. ती घर बांधते ओल्या मातीचे, आणि ओल उरली होती फक्त झऱ्याच्या तोंडाशी. तीही आटत होती.

"भाऊसाहेब, एक खोली बांधायची आहे," ती म्हणाली.

सरड्याने मान खालीवर केली.

ती गेली आणि कामाला लागली. चिमूट चिमूट माती आणली, थुंकीने मळली, बाभळीच्या बुंध्यावर खोली उभी केली. आत अंडे घातले. शेवटच्या ओलीचे दाराला झाकण केले आणि ते वाळत ठेवले. त्यानंतर झऱ्याच्या तोंडाशी धूळ उडू लागली.

सरडा पाहणीला आला.

"हे कुणाला विचारून बांधलंस?"

"तुम्हीच मान हलवलीत."

"माझी मान अशीच हलते. सकाळपासून हलतेय. म्हणून काय गावभर दाखले वाटले मी?"

त्याने खोलीभोवती फेरी मारली. "दार एकच दिसतंय. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट पाहिजे. मागून भोक पाड."

"मागून भोक पाडलं तर मुंग्या शिरतील. अंडं खातील."

"मुंग्या आमच्याकडे येत नाहीत. आमच्याकडे आग येते."

"माती जळत नाही, भाऊसाहेब."

"ते साहेब ठरवतील." त्याने वाळलेले झाकण तोंडात धरून उचलले आणि बाजूला ठेवले. "हा नमुना. साहेब उठले की तपासतील. 'ना हरकत' मिळाली की परत."

"साहेब कधी उठतील?"

"पाऊस पडला की."

"तोवर दार उघडं ठेवू?"

सरड्याने मान खालीवर केली. या वेळी तिने त्याचा काही अर्थ लावला नाही.

झाकण तळ्यात गेले. मोठा बेडूक चिखलाच्या पापुद्र्याखाली निजला होता आणि श्वासासाठी त्याने वर एवढेसे भोक ठेवले होते. भोकातून ऊन आत जाते, साहेबांची झोपमोड होते, असे सरड्याला वाटले. त्याने झाकण भोकावर बसवले. कडेने वारा जायला जागा राहिली. साहेबांची सोय झाली म्हणून सरडा खूश होता.

कुंभारीण दारात बसली. मुंग्यांची रांग बुंध्यावर चढे. ती नांगी उगारी. रांग मागे सरे. चारा शोधायला उठता येत नव्हते. तळ्याच्या काठी टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालून बसली होती. ती हे सगळे बघत होती.

"तू कशाला खोलीच्या नादी लागलीस, बाई?" टिटवी म्हणाली. "मी छप्परच सोडलं. उघड्याला दाखला लागत नाही."

"तुझी अंडी कोल्हा नेतो."

"नेतो. पण नियमात नेतो."

त्यानंतर वणवा आला. डोंगरावरून गवत धरून उतरला, तळ्यात शिरला, वाळलेला लव्हाळा त्याने मुळापर्यंत खाल्ला. टिटवी उडाली, अंडी गेली. सरडा दगडाखाली घुसला. कुंभारीण उडाली नाही. ती दारात पाठमोरी बसली आणि दार अंगाने बुजवले. बाभूळ एका बाजूने जळाली. खोली तापली, काळी पडली, पण तडकली नाही. कुंभारणीचा एक पंख टोकाला करपला.

राख निवली तशा मुंग्या बिळांतून वर आल्या.

कुंभारीण झाकण आणायला करपल्या पंखाने तळ्यावर गेली. तळ भाजून खापरासारखा झाला होता. झाकण भोकावर घट्ट चिकटले होते. कडेची जागा मिटली होती. खालून आवाज आला.

"कोण आहे वर? जीव गुदमरतोय. हे काढा."

"ते झाकण माझ्या दाराचं आहे, साहेब."

"असेल. काढ आधी."

"नमुना आहे. दाखल्याशिवाय हात लावता येत नाही."

"कसला दाखला?"

"बाभळीवर मातीची खोली. एक दार. मागून वाट नाही."

नियम मोडावा की श्वास घ्यावा, याचा विचार चालला असावा. मग बारीक आवाज आला. "हरकत नाही."

"मोठ्यानं. टिटवी लांब उभी आहे."

"हरकत नाही," बेडूक जीव खाऊन ओरडला. "हरकत नाही."

"ऐकलं," टिटवी म्हणाली. ती परत येऊन आपल्या काळ्या खड्यांपाशी उभी होती.

दगडाखालून सरडा बाहेर आला. तो राखेच्या रंगाचा झाला होता. त्याने मान खालीवर केली. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

कुंभारणीने नांगीने कड कोरली आणि झाकण उपटले. भोकातून बेडकाने लांब श्वास घेतला. भोक त्याच्या एका नाकपुडीएवढे होते. भोवतालची जमीन दगड झाली होती.

"आता मला बाहेर काढ," तो म्हणाला. "दुसरी वाट कुठे आहे?"

ती झाकण घेऊन उडाली होती. बुंध्यावरच्या मुंग्या दारापासून बोटभर अंतरावर होत्या. झाकण भाजून लाल झाले होते, पण माप तेच होते. ते दारात बरोबर बसले. कचेरीकडचे तिचे येणे वसूल झाले.