सारख्या मापाचा दोर

“सगळ्या गावांना सारखं दिलं, बाबा. मग ही बाई मेलीच कशी?”

तालुक्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर धनवटे डोंगर चढून घामाघूम झाले होते. पण आधी काम, मग पाणी, असा त्यांचा खाक्या.

दर्ग्याच्या ओट्यावर करीमशा फकीर तसबीहचे मणी ओढत बसले होते.

पाड्यावरची झिपरी गुरुवारी गेली. कळा सुरू झाल्यावर झोळीत घालून तिला खाली नेत होते. निम्म्या वाटेतच संपली. आता कागदावर कारण लिहायचं होतं. धनवट्यांनी ते लिहूनही आणलं होतं : घरच्यांची हयगय. म्हणजे नवऱ्याची सरकारी मदतही बुडाली. साक्षीला फक्त बाबांचा अंगठा हवा होता.

“सारखं म्हणजे कसं, साहेब?”

“गावाला एक नर्स, एक औषधांची पेटी, आणि गाडी, रस्ता संपेल तिथपर्यंत. खालच्या पेठेला तेच, तुमच्या पाड्याला तेच. मापात पाप करणारा माणूस नाही मी!”

“छे, छे. तुम्ही कसलं पाप करताय! दमलात. ती समोर विहीर. घ्या काढून पाणी.”

विहिरीवर दोर होता, कोरा करकरीत. धनवट्यांनी पोहरा सोडला. सोडला, सोडला... दोर संपला. पोहरा अधांतरी लोंबकळत राहिला. पाणी पार खाली चमकत होतं.

“बाबा, दोर आखूड आहे!”

“आखूड कसा असेल? पंचायतीनं दोन्हीकडे एकाच मापाचा दिलाय. पेठेतल्या विहिरीवर तर वेटोळं उरतं.”

“अहो, पण इथलं पाणी किती खोल!”

“अस्सं?”

धनवट्यांनी रिकामाच पोहरा वर ओढला. घशाला कोरड पडली होती. त्यांनी विचारलं, “मग... इथल्या बायका पाणी काढतात कशा?”

“आपापलं जुनं लुगडं पिळून दोराला जोडतात. भरून झालं की सोडून घरी नेतात.”

विहिरीच्या काठावर असा एक पिळा पडून होता. हिरवा, विटलेला. गुरुवारपासून तो कुणी नेला नव्हता.

बाबांनी तो उचलला आणि धनवट्यांच्या पुढे धरला. त्यांच्या काखेत तो लिहून आणलेला कागद तसाच होता.

“कागद ठेवा बाजूला, हे बांधा. झिपरीचं आहे. तिला आता लागत नाही.”