शेठ छतावर, झिपरू गाडीत

त्या दिवशी ऊन असं होतं, की कावळासुद्धा चोच उघडी टाकून हौदाच्या सावलीला बसला होता. वारा नाही, पान हलत नाही. पत्र्यावर पापड टाकावा नि भाजूनच उचलावा.

अशा उन्हाच्या दिवसांत गिरणेकाठच्या एका गावात झिपरू नावाचा भोळा गडी राहायचा. आळशी नव्हता हं. सांगितलं ते करायचा. पण सांगितलं तेच करायचा. गोम होती ती तिथंच.

झिपरू पितांबरशेठकडं ड्रायव्हर होता. शेठनी एक घरगाडी घेतली होती. म्हणजे चाकांवरचं घरच म्हणा. आत पलंग, शेगडी, मोरी, आणि छतावर भला मोठा एसी. शेठची लेक तासाभराच्या वाटेवरच्या गावी सासरी, तिच्या कडेवर तान्हं बाळ. त्याला पहिल्यांदा आजोळी आणायचं होतं. पण विहीणबाई अडून बसल्या. म्हणाल्या, "एवढ्या उन्हात नातवाला पाठवायची नाही."

शेठनी मिशीला पीळ दिला. "आमच्या गाडीत त्याला थंडी वाजेल, थंडी!"

बाळाला आणायच्या दिवशीच एसी लावून बघितला, तर आतून गरम वारा नि मूठभर माती आली.

शेजारच्या सुपडाबाई अंगणात खाटेवर कुरडया वाळवत होत्या. त्या म्हणाल्या, "पितांबरभाऊ, एसीवाल्याला बोलवा. झिपरूच्या हाती देऊ नका."

"धूळ काढायला एसीवाला कशाला?" शेठ म्हणाले. "झिपरू, वर चढ नि एसीवर पाणी मार."

झिपरू नळी घेऊन वर चढला. एसीशेजारीच छतातली खिडकी सताड उघडी. तिच्याखाली पलंगावर बसून शेठ चहा पीत होते. बशीतला चहा काही संपेना. उलट वाढायला लागला.

"अरे टोणग्या! आधी प्लास्टिकचा कागद टाकून झाकायचं असतं!"

"हो शेठ. आधी झाकायचं."

गादी वाळत घातली. शेठ म्हणाले, "आता एसी चालू करून बघ."

झिपरूला आठवलं. तो वर गेला, अख्खा एसी प्लास्टिकात गुंडाळला आणि मग बटण दाबलं. एसी घुसमटला, दोनदा कण्हला नि गप्प झाला.

"अरे, त्याला श्वास नको का घ्यायला? तोंड मोकळं ठेवायचं! आणि ऐक, वरून आवाज येतोय तोवर काम झकास चाललंय असं समजायचं."

"हो शेठ. तोंड मोकळं. आवाज म्हणजे झकास."

"आता गाडी त्या कडुनिंबाखाली घे."

झिपरूनं आधी वर जाऊन एसीला चांगलं मोकळं केलं. प्लास्टिक काढलं, झाकणाचे स्क्रूही काढले. गाडी वळली, झाकण उडालं, ते थेट सुपडाबाईंच्या खाटेवर.

"मुडद्या, कुरडयांचा भुगा केलास की रे!"

शेठ लाल झाले. "गाडी हलवायच्या आधी छतावर जे जे असेल ते दोरीनं आवळून बांधायचं! कळलं? जे जे!"

"हो शेठ. जे जे."

मग शेठ स्वतःच शिडी चढले. मऊ ब्रशानं जाळ्या झाडल्या, आत अडकलेल्या चिमणीच्या काड्या उपसल्या, झाकण पक्कं बसवलं. खोटं कशाला बोला, काम चांगलं केलं. गाडीत गारेगार वारा सुटला. शेठ वरूनच ओरडले, "झिपरू, उन्हं कलली की लेकीकडं निघायचं!" वर कडुनिंबाची दाट सावली होती. अंग दमलेलं. शेठ तिथंच कलंडले नि घोरायला लागले.

उन्हं कलली. झिपरू वर चढला. छतावर शेठ होते.

जे जे.

त्यानं आधी शेठना प्लास्टिकानं झाकलं. तोंड मोकळं ठेवलं. मग दोरीनं आवळून बांधलं. सगळे धडे एकदम जमले. झिपरूला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गाडी गावाबाहेर खड्ड्यांना लागली तसे शेठ जागे झाले.

"अरे थांब! अरे मेलो!"

झिपरूनं कान दिला. वरून आवाज येत होता. म्हणजे काम झकास चाललंय. त्यानं गाडी आणखी जोरात सोडली.

लेकीच्या दारात विहीणबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. लेक धावत आली. "झिपरूदादा, बाबा नाही आले?"

"आलेत की, ताई. वर बांधलेत."

सगळ्यांनी वर बघितलं. प्लास्टिकातून शेठचं तेवढं तोंड बाहेर, मिशा धुळीनं पांढऱ्या. हात मोकळे नव्हते, म्हणून शेठनी मान हलवूनच रामराम केला.

विहीणबाईंनी लेकीच्या कडेवरचं बाळ काढून घेतलं. "आजोबाला असं आणलंय. नातवाला कसं नेतील?" असं म्हणून त्या घरात गेल्या नि कडी लावली.

शेठना सोडवून खाली घेतलं नि गाडी परत आली. आत गारेगार, पण बाळाविना रिकामी.

सुपडाबाई अजून कुरडयांचा भुगा वेचत होत्या. शेठ त्यांच्यापुढं कडाडले, "या गाढवानं माझं एक धड ऐकलं नाही हो!"

सुपडाबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "पितांबरभाऊ, त्यानं तुमचं सगळं ऐकलं. तुम्ही माझं एक ऐकलं असतं, तर आज एसीवाला छतावर असता नि नातू तुमच्या मांडीवर."