साहेबांनी चालवलेली गाडी

कारखानदार घोरपड्यांना नवी गाडी घ्यायची होती. ती रोज चालवणार होता त्यांचा ड्रायव्हर, तीस वर्षांच्या नोकरीने थकलेला सोपान खिलारे. त्याने संथ चालीतही जोर देणारी टर्बो इंजिनाची गाडी सुचवली.

"ताकद या टर्बो नसलेल्या दुसऱ्या गाडीत जास्त आहे," साहेब म्हणाले. "इंजिन जोरात फिरवून पळवायला शिक."

"मग आज ट्रायलला ही तुम्हीच चालवा," असं म्हणून सोपान मागे बसला.

उसाची ट्रॉली ओलांडायची तर साहेबांना दर वेळी क्लच दाबून दोन गिअर खाली टाकावे लागत. इंजिन ओरडून वेग धरेपर्यंत समोरून ट्रक येई. कराडला पोचल्यावर साहेब गुडघा चोळत उतरले.

"तरी ताकद आहे गाडीत," ते म्हणाले.

"आहे की, साहेब. पण ती दर वेळी गुडघ्यातून काढावी लागते."

साहेबांनी टर्बो घेतली.