सरकारी हमीचं छप्पर

एक होतं माळरान. पण त्याला माळरान म्हटलं की राजाला राग यायचा, म्हणून सगळे त्याला महावन म्हणायचे. झाडं होती बोटावर मोजण्याइतकी, तीही वाकडी. राजा होता भुईफोड नावाचा रानडुक्कर. तो निवडून आलेला होता बरं का, उगाच नाही. निवडणुकीच्या दिवशी दुसरा उमेदवार पाणी प्यायला गेला आणि परत आलाच नाही. लोकशाहीत असं होतं कधी कधी.

त्याच माळावर धुरपा नावाची टिटवी राहायची. डोळ्यापुढे लाल झालर, पाय पिवळे, आवाज असा की दगडाला जाग यावी. नजर तर इतकी बारीक, की मुंगी लंगडली तरी हिला कळायचं. पण टिटवी ओरडली की अपशकुन होतो असं सगळ्या रानाचं म्हणणं होतं, त्यामुळे ती काय ओरडतेय हे कुणी कधी ऐकलंच नाही.

गेल्या हंगामात राजाची विजयाची मिरवणूक निघाली, ती थेट धुरपाच्या अंड्यांवरून गेली. वर ढोल वाजत होते, खाली कवचं. धुरपा बोंबलली, तर राजाच्या बातम्या सांगत फिरणारा कावळा म्हणाला, "बघा, पक्षीसुद्धा जयजयकार करतायत!"

म्हणून या खेपेला अंडी पोटात आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मला घर पाहिजे. पक्कं. छपरासकट."

गेनबा टिटवा दचकला. "अगं, आपल्या सात पिढ्यांत घर कुणी बांधलंय? आपण उघड्यावर चार खडे सारायचे, मधे अंडी घालायची. खडे कुठले, अंडी कुठली, कुणाला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच त्यानं पाय दिला ना!"

यावर गेनबानं मान डोलावली. तसा तो कशालाही डोलवायचा, पण छान डोलवायचा.

आणि नेमका त्याच आठवड्यात पळसाखाली सरकारी घरकर्ज मेळावा भरला. राजा उंचवट्यावर चढला. चिखल ओलाच होता अंगावर.

"बंधूंनो आणि भगिनींनो! सत्तर हंगाम तुम्हाला घर कुणी दिलं का? नाही दिलं! मलासुद्धा घर नव्हतं! मी चिखलात लोळून मोठा झालो!"

"अजूनही लोळतोस की," धुरपा म्हणाली.

"अपशकुनी मेली," शेजारचा ससा म्हणाला आणि थुंकला.

"आता प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर छप्पर! आणि प्रत्येक छपरामागे सरकारची हमी! बोला, घर तिथे पिल्लू..."

"पिल्लू तिथे मत!" गर्दी ओरडली.

कर्ज द्यायला साळूशेठ साळिंदर बसला होता. पाठीवर काटे, तोंडात साखर. "या ताई, बसा. तीन योजना आहेत, तुमच्या मर्जीनं निवडा. पहिली, फांदी योजना. झाडावर घर."

"माझं मागचं बोट नावापुरतंच, शेठ. फांदी धरताच येत नाही. आमच्यातलं कुणी झाडावर बसत नाही."

"मग बीळ योजना घ्या. खड्डा तुम्ही खणायचा, माती तुमची."

"मग तुम्ही काय देणार?"

"कर्ज."

"आणि तिसरी?"

"छप्पर योजना. जमिनीवरच घर, काटक्यांच्या भिंती, वर गवत. तुमच्यासाठीच काढलीय असं समजा. हप्ता म्हणजे काय, चोचीत जो किडा येईल तो निम्मा आमचा."

धुरपाची नजर काटक्यांच्या ढिगावर गेली. "या काटक्या कुठल्या?"

"सरकारी कोठारातल्या."

"कोठारात कुठून आल्या?"

"छप्पर-करातून. तुम्हीच नाही का दिल्या?"

"म्हणजे माझ्याच काटक्या मला उसन्या?"

"उसन्या कशाला? व्याजानं."

"मग सरकारची हमी कशाची?"

"तुम्ही कर्ज बुडवलंत, तर सरकार मला भरून देणार."

"आणि घर पडलं तर?"

"तर तुम्ही मला भरून देणार. दोन्हीकडून पक्कं आहे, ताई. काळजीच नको."

धुरपाचं टाळकं सणकलं. पण पोटातल्या अंड्यांनी ढुशी दिली, ढोल आठवले, आणि तिनं छप्पर योजनेवर पाय उमटवला.

घर मात्र झकास झालं. नियमाप्रमाणे भिंतींना गेरू, जमीन लाल मातीनं सारवलेली, दारावर राजाचं मुस्काट रंगवलेलं, खाली अक्षरं: 'हे घर सरकारी हमीचं आहे.' दोन कोसांवरून दिसायचं. गेनबा आत जाताना दर वेळी त्या मुस्काटाला नमस्कार करायचा, का ते त्यालाही माहीत नव्हतं. धुरपानं आत चार अंडी घातली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. लाल सारवलेल्या जमिनीवर ती अशी उठून दिसत होती, की जणू ताटात वाढून ठेवलीयत.

तिला ते खटकलं. पण नवं घर होतं, म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात शेजारची सगुणा लावरी रडत आली. तिनंही हीच योजना घेतली होती.

"काय झालं गं?"

"तपासणी झाली."

"कोण आलं होतं?"

"घोरपडबाई. गृहनिर्माण अधिकारी आहेत त्या. आत गेल्या, बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या त्या तोंड पुसत. म्हणाल्या, घर अगदी सुस्थितीत आहे."

"आणि अंडी?"

"मी पण विचारलं. म्हणाल्या, अंडी आमच्या खात्याकडे येत नाहीत."

धुरपा उडालीच. "गेनबा! ऊठ! अंडी बाहेर काढायचीत!"

"अगं पण आपण हप्ता भरतोय..."

"उठतोस का हाणू?"

उजाडायच्या आत दोघांनी चोचीनं एकेक अंडं लोटत लोटत दाराबाहेर काढलं, खालच्या मुरमाड जागेत नेलं आणि भोवती खडे सारले. अंडी खड्यांत मिसळून गेली. गेनबा दोन पावलं मागं सरला तर त्यालाच सापडेनात. तिथंच धुरपाच्या जिवात जीव आला.

आणि सूर्य वर येतो न येतो तोच ढोल.

राजा स्वतः येत होता! साळूशेठ, घोरपडबाई, कावळा आणि सगळं रान मागून. धुरपाचं घर योजनेतलं आदर्श घर म्हणून निवडलं होतं. राजानं दारावरच्या आपल्याच मुस्काटाकडे प्रेमानं पाहिलं. घोरपडबाई जिभल्या चाटत आत शिरल्या आणि लगेच बाहेर आल्या. तोंड कोरडं.

"महाराज, घर रिकामं आहे! अंडीच नाहीत! फसवणूक!"

"फसवणूक!" कावळा ओरडला.

साळूशेठनं काटे फुलवले. "नियम असा आहे की लाभार्थ्यानं अंडी घराबाहेर ठेवली, तर ती जप्त. शोधा!"

गर्दी मुरमाकडे वळली. सशाचा पाय अंड्यापासून वीतभरच लांब पडला. राजाचा खूर वर उचलला गेला. गेल्या वर्षीचाच खूर तो.

टिटव्यांना अशा वेळी काय करायचं ते शिकवावं लागत नाही. आई करते, आजी करते, तेच धुरपानं केलं. एक पंख जमिनीवर पसरला, अंग तिरकं केलं आणि फरफटत ओरडत सुटली, "मेले गं बाई! पंख मोडला! धावा गं!"

झालं. घोरपडबाई आयती शिकार दिसल्यासारख्या वळल्या. त्यांच्या मागं कावळा, कारण बातमी. त्याच्या मागं राजा, कारण कावळा. आणि राजाच्या मागं सगळं रान, कारण त्यांना सवयच होती. धुरपा जरा पुढं जाई, कोसळे, परत उठे. मुरूम मागं पडला, ओढा मागं पडला. मान खाली घालून ती फरफटत होती, कुठं चाललोय याचं भान नव्हतं. थांबली ती थेट सरकारी कोठाराच्या दाराशी.

दार उघडं होतं.

आत वाटायला एक काटकी उरली नव्हती. होती ती राजाची सगळी सासुरवाडी, काटक्यांच्या जाड जाड गाद्यांवर घोरत पडलेली.

सगळं रान थबकलं. सगुणा लावरी हळूच म्हणाली, "या तर आपल्या काटक्या." ससा म्हणाला, "माझ्या पण आहेत यात." मग कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "महाराज, बाकीच्या काटक्या गेल्या कुठं?"

उत्तर म्हणून आतून फक्त सासुरवाडीचं घोरणं आलं. राजानं कोठाराकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग धुरपाच्या पसरलेल्या पंखाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आणि त्याचा मागचा डावा पाय एकदम मुडपला.

"आई गं! माझा पाय! तुमच्यासाठी धावताना मोडला!" असं म्हणत तो लंगडत ओढ्याकडे निघाला.

"महाराज जखमी!" कावळा किंचाळला. सगळं रान हंबरडा फोडत राजाच्या मागं पळालं. ससा तर सगळ्यात पुढं. कोठाराचं दार कुणीतरी जाता जाता लावून घेतलं.

धुरपानं पंख झटकला आणि उडाली. चारही अंडी जागेवर होती. यथावकाश चार पिल्लं निघाली, आईसारखीच डोळस. हप्ता चालूच राहिला. घरात घोरपडबाईंचं कार्यालय आलं. आणि रानात कुणी कोठाराचं नाव काढलं की राजा लंगडू लागायचा.

पुढच्या निवडणुकीची सभा पळसाखालीच झाली. राजा लंगडत उंचवट्यावर चढला, गर्दीनं डोळे पुसले. धुरपाचं धाकटं पिल्लू टक लावून बघत होतं.

"आई, हा लंगडतोय का?"

"अंडी लपवतोय."

"त्याची?"

"आपली. कोठारातली."

पिल्लानं परत पाहिलं. "पण मागच्या वेळी डावा पाय होता ना? आज उजवा आहे."

धुरपानं मान ताठ केली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "पाय बदललाय! अरे बघा की, त्यानं पाय बदललाय!"

पुढच्या रांगेतला ससा रागानं मागं वळला. त्याचे डोळे पाण्यानं डबडबले होते.

"गप गं अवदसे! बिचाऱ्याचे दोन्ही पाय दुखतायत, दिसत नाही तुला?"