केरबाचा बायोडाटा

बोरखिंड नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. अंगानं धडधाकट, स्वभावानं सरळ. इतका सरळ, की 'जरा थांब' म्हटलं तर 'किती?' असं विचारायचा आणि तेवढंच थांबायचा.

मामाच्या मुलीशी, मालनशी, त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं. मालनला तो आवडायचा. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण तातोबामामांनी अट घातली.

"पोरगी तुला द्यायला माझी ना नाही. पण देणार नोकरीवाल्यालाच. अक्षयतृतीयेपर्यंत नोकरी लाव. नाहीतर मी दुसरा नोकरीवाला बघतो."

"बरं," केरबा म्हणाला.

"नुसतं बरं म्हणू नको," मालन म्हणाली. "गुरुजींना विचार."

कुंभोजकर गुरुजींनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, आणि आपल्याला शिकवता येतं की नाही याची त्यांना अजून खात्री नव्हती. ते म्हणाले, "आधी बायोडाटा लिही. स्वतःबद्दल सगळं लिही. काही लपवू नकोस."

केरबानं सगळं लिहिलं. बावीस पानं झाली. जन्म कुठल्या खोलीत झाला, कांजिण्या कधी आल्या, चिंचेवरून कितीदा पडला, कुत्रं कुणाचं होतं आणि कुठल्या पायाला चावलं. तो पाय दुसऱ्या दिवशी कसा दिसत होता, त्याचं चित्रही काढलं.

तो गठ्ठा घेऊन तो तालुक्याच्या पतसंस्थेत गेला. तिथं शिपायाची जागा होती. मॅनेजर तिसऱ्या पानावर दमले.

"अहो, एवढं कोण वाचणार? जे कामाचं नाही ते सगळं खोडायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची जागा निघाली. केरबा पेन घेऊन बसला. कांजिण्या कामाच्या नाहीत. खोडल्या. चिंच कामाची नाही. खोडली. शेवटी नाव उरलं. त्यानं बराच विचार केला. नाव काय काम करतं? काम तर हात करतात. त्यानं नावही खोडलं आणि बावीस पानं नीट टाचून हेडमास्तरांना दिली.

हेडमास्तरांनी पानं उलटसुलट करून पाहिली. "यात आहे काय?"

"कामाचं काही सापडलं नाही, सर."

"अरे बाबा, तुला काही येत असेल की नाही? ते लिहायचं. आणि नुसतं लिहायचं नाही, प्रत्येक गोष्टीला पुरावा जोडायचा."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

गुरुजींना हे कळलं. 'आपणच नीट समजावलं नसेल,' असं म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत.

पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये जागा निघाली. केरबानं एकच पान लिहिलं. 'मला म्हशीची धार काढता येते. मला पोतं उचलता येतं. मला कुत्रं चावलेलं आहे.' मग त्यानं पुरावे जोडले. म्हैस टाचणीला दाद देईना, म्हणून अर्ज सुतळीनं तिच्या शिंगाला बांधला. पाठीवर पोतं घेतलं. कुत्रं शेजाऱ्याचं होतं, ते मागून घेतलं.

शोरूमच्या काचेच्या दारातून आधी म्हैस आत गेली. तिला काचेत दुसरी म्हैस दिसली. त्यानंतर काचही राहिली नाही, आणि शोरूमचे साहेब टेबलावर उभे राहिले.

"हे काय आहे?"

"पुरावे, साहेब. कुत्र्याचा आत्ताच हवा असेल तर पाय पुढं करा."

"बाहेर! सगळं बाहेर काढ! अरे, अस्सल वस्तू कधी कुणी आणतं का? अस्सल घरी ठेवायचं. नक्कल पाठवायची. वर 'सत्यप्रत' म्हणून शिक्का आणि सही घ्यायची. एवढंसुद्धा माहीत नाही?"

"आता झालं. पुढच्या वेळी तसंच करतो."

अक्षयतृतीया आठवड्यावर आली. मामांनी दुसरीकडे चौकशी सुरू केली. मालननं भाकरी थापता थापता दोन परातींना पोचे पाडले. अशात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून केरबाच्या अर्जाला उत्तर आलं. नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाची जागा होती. सोमवारी अकरा वाजता मुलाखतीला हजर राहावं.

सोमवारी गुरुजी त्याच्या घरी आले, तर केरबा अंगणात पाय पसरून बसलेला.

"अरे, तू अजून इथंच?"

"अस्सल घरी ठेवायचं असतं, गुरुजी. नक्कल पाठवलीय."

त्यानं वाढदिवसाला लावतात तसा फ्लेक्स करून घेतला होता. पुरुषभर उंचीचा. त्यात केरबा हात जोडून उभा. पोटावर सरपंचांचा शिक्का आणि 'सत्यप्रत' अशी सही. सरपंच कशावरही न बघता सही करत. फ्लेक्स सकाळच्या टेम्पोनं रवाना झाला होता.

गुरुजी जवळच्या बाजेवर बसले.

तिकडे कोल्ड स्टोरेजचे मालक मगदूमसाहेब खुर्चीवरच्या फ्लेक्सकडे पाहत राहिले. मग त्यांनी शिक्का वाचला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बारा वर्षांत त्यांचे तीन कारकून बेदाणे पळवून पसार झाले होते. 'हा माणूस पळवणार नाही,' ते म्हणाले. 'त्याला ते सुचणारच नाही.' त्यांनी अस्सल केरबाला बोलावून घेतलं.

"हे बघ, या जागेला दोनशे चौदा अर्ज आलेत. मी चार दिवस मुलीकडे निघालोय. नेमणुकीच्या कोऱ्या पत्रावर सही करून ठेवलीय. अर्ज बघायचे म्हणून बघ, आणि जो तुला योग्य वाटेल त्याचं नाव घाल. तुझाही अर्ज त्यातच आहे. समजलं ना?"

साहेबांनी डोळा मिचकावला.

"साहेब, डोळ्यात काही गेलं का?"

"नाही रे," साहेब हसत गाडीत बसले.

केरबानं चार दिवस जिवापाड काम केलं. लांबलचक अर्ज बाजूला काढले. कोरे बाजूला काढले. पुरावे नसलेले बाजूला काढले. एकशे नव्वदावा अर्ज स्वतःचाच निघाला. तोही त्यानं नीट वाचला. 'अनुभव काही नाही. मुलाखतीला स्वतः आलासुद्धा नाही. याला कोण ठेवील?' त्यानं तो फाडून टोपलीत टाकला.

शेवटी एक अर्ज उरला. विलास चौगुले, बी.कॉम., टंकलेखन येतं, चार वर्षांचा अनुभव, अविवाहित. केरबानं सुंदर अक्षरात त्याचं नाव पत्रावर घातलं आणि स्वतः जाऊन ते त्याच्या हातात दिलं.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी तो मामांच्या दारात हजर झाला. मामा ओसरीवर होते, मालन चौकटीत उभी.

"लागली का नोकरी?" मामांनी विचारलं.

"लागली, मामा!"

मालननं हातातलं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत हसली. मामा उठले, त्यांनी केरबाला मिठी मारली. "शाब्बास रे भाच्या! दाखव पत्र!"

"पत्र यांच्याकडे आहे," केरबा म्हणाला आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला हाताला धरून पुढं आणलं. "हे विलासराव. तुम्हाला नोकरीवाला जावई पाहिजे होता ना? दोनशे चौदा जणांतून निवडलाय, मामा. यांच्यापुढं मी कुणीच नाही."

विलासराव आपल्या बुटांकडे पाहत होते.

"आणि तू?" मालननं विचारलं. आवाज फार बारीक होता. "तू काय करणार?"

"माझी काळजी करू नकोस," केरबा आनंदानं म्हणाला. "आता माझा बायोडाटा एकदम भारी होणार. एका माणसाला नोकरी लावली, आणि लगेच त्याचं लग्नही जमवलं. एवढा अनुभव कुणाकडे आहे?"