सायाळीचा निवाडा

फार वर्षांपूर्वी, जिथे रान संपून माळ सुरू होतो, तिथे प्राण्यांची नवी वस्ती झाली होती. सिंहाचा हुकूम तिथवर पोहोचत नसे. भांडण लागलं की सगळे एका सायाळीकडे जात आणि ती सांगेल ते ऐकत.

एका उन्हाळ्यात एकच झरा उरला. गव्याने तो अडवला आणि काळविटांना हाकलून दिलं. त्यांची पाडसं तहानेने निपचित पडली, तेव्हा काळविटांनी सायाळीकडे दाद मागितली.

गवा तिला म्हणाला, "वणव्यातून तुला पाठीवर घेऊन मीच बाहेर आलो होतो. तुझे काटे अजून सलतात."

सायाळीचे डोळे भरून आले. "तुझ्यामुळेच मी जिवंत आहे, दादा. पण उपकार माझ्यावर आहेत, ते मीच फेडीन. या पाडसांच्या पाण्यातून नाही फेडणार. सकाळी त्यांनी प्यायचं, दुपारी तू."

गवा रागाने निघून गेला, पण निवाडा त्याने मोडला नाही. पावसाळ्यात त्याचा पाय जायबंदी झाला. सायाळ रोज कंद उकरून त्याच्यापुढे ठेवू लागली. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही, तरी तिने एकही दिवस चुकवला नाही.

पुढे सिंहाचा हुकूम वस्तीपर्यंतही पोहोचला, तेव्हा त्याच्या दरबारात वस्तीची बाजू मांडायला कुणाला पाठवायचं, हे ठरवायला सगळे जमले. गवा लंगडत पुढे आला.

"हिलाच पाठवा," तो म्हणाला. "ही माझ्यासाठी राबली, पण माझ्यासाठी खोटा निवाडा दिला नाही. हिचे आभार मानायला मलाच उशीर झाला."